खरकटे दळले, पण गेले कुठे?

स्वयंपाकघरातील सिंकखाली बसवून खरकटे दळणारे आणि पाण्याबरोबर वाहून नेणारे यंत्र आता आपल्याकडेही विकत मिळते. कळ दाबली की भाजीची देठे, उरलेला भात, चहाचा चोथा क्षणात दिसेनासा होतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेने २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा रोज १०० किलोपेक्षा अधिक कचरा निर्माण करणाऱ्या संकुलांना ओला कचरा आवारातच जिरविण्यास सांगितले. तेव्हापासून या कचऱ्याची कटकट ज्यांच्या डोक्यावर आली, त्यांना असे यंत्र वरदान वाटल्यास नवल नाही. मात्र घराचे सांडपाणी जर सेप्टिक टँकमध्ये जात असेल, तर हे वरदान महागात पडण्याचीच शक्यता अधिक.

यंत्र मूळचे अमेरिकेतील. विस्कॉन्सिन राज्यातील रसीन येथील जॉन हॅम्स या वास्तुविशारदाने १९२७ मध्ये ते तयार केले. गटारांवर ताण पडेल या धास्तीने न्यूयॉर्क शहराच्या मोठ्या भागात त्यावर अनेक वर्षे बंदी होती. चाचणी घेतल्यानंतर १९९७ मध्ये ती उठविण्यात आली. यंत्राचे समर्थक हा दाखला हमखास देतात. परंतु तो गटारे असलेल्या शहराचा आहे. अमेरिकेतील साधारण दर पाच घरांपैकी एक घर सेप्टिक टँकवर अवलंबून आहे आणि अशा घरांना तेथील पर्यावरण संरक्षण संस्था हे यंत्र टाळण्याचा, निदान कमीत कमी वापरण्याचा सल्ला देते. मॅसॅच्युसेट्स राज्याचे नियम तर यंत्र बसविणाऱ्यास दोन कप्प्यांची टाकी आणि नेहमीपेक्षा निम्म्याने मोठे शोषक्षेत्र बांधावयास लावतात.

याचे कारण टाकीच्या कामकाजात आहे. जड पदार्थ तळाशी गाळ होऊन बसतात, तेल-तूप वर तवंग धरते आणि मधले पाणी पुढे शोषखड्ड्यात जाते. तळाचा गाळ जिवाणू कुजवितात खरे, पण अतिशय सावकाश. मैला हा शरीरात एकदा पचून आलेला असतो. कच्ची साले आणि शिजलेला भात मात्र पहिल्यापासून कुजवावा लागतो. त्यामुळे गाळ लवकर साचतो. त्याहून घातक गोष्ट म्हणजे बारीक दळलेले कण चटकन तळाशी बसत नाहीत. ते पाण्याबरोबर शोषखड्ड्यापर्यंत जातात आणि मातीची छिद्रे बुजवितात. टाकी गाडी बोलावून उपसता येते. बुजलेली माती उपसता येत नाही, नवा खड्डाच खणावा लागतो. आपल्या स्वयंपाकातील तळणाचे तेल आणि फोडणी यांचा तवंग लक्षात घेतला, तर अमेरिकी हिशेबही अपुरा ठरावा. यावर उपाय म्हणून जिवाणूंच्या पुड्या विकल्या जातात. नीट चालणाऱ्या टाकीला त्यांची गरज नसते आणि भरलेल्या टाकीला उपसण्यावाचून गत्यंतर नसते.

आपल्याकडे तर अनेक ठिकाणी शोषखड्डाच नसतो. टाकीतले पाणी थेट उघड्या गटारात किंवा नाल्यात सोडलेले असते. म्हणजे दळलेले खरकटे अखेर नदीलाच जाऊन मिळणार. २०२०-२१ मध्ये देशातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते आणि प्रक्रियेची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर होती, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अंदाज होता. जेथे मलजल प्रक्रिया केंद्रात गाळापासून वायू निर्माण केला जातो, तेथे यंत्राची बाजू मांडता येईल. सेप्टिक टँक असलेल्या वसाहतीत ती कशी मांडणार? शिवाय यंत्र चालू असताना नळही सोडावा लागतो. उन्हाळ्यात टँकरचे पाणी विकत घेणाऱ्या सोसायट्यांनी याचाही हिशेब करावा.

टाकी लवकर भरते याचा आणखी एक अर्थ आहे. ती अधिक वेळा उपसावी लागते. साधनांविना माणसाला टाकीत उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे, तरीही असे मृत्यू थांबलेले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मृतांच्या कुटुंबीयांसाठीची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. कचऱ्याच्या डब्याला हात लावायचा कंटाळा म्हणून आपण जे सिंकमध्ये ढकलतो, ते काढण्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी टाकीपाशी यावे लागते.

सातारा जिल्ह्यातील वाई नगरपरिषदेने तक्रारीची वाट न पाहता वेळापत्रकानुसार, दर तीन वर्षांनी टाक्या उपसण्याची पद्धत २०१८ मध्ये सुरू केली. हे राज्यातील इतर शहरांनीही गिरविण्यासारखे काम. मात्र हे तीन वर्षांचे चक्र मैला आणि नेहमीच्या सांडपाण्याचा अंदाज धरून आखलेले असते, रोजच्या दळलेल्या खरकट्याचा नव्हे. ज्या घरात यंत्र फिरते, तेथील टाकी गाडीची पाळी येण्याआधीच तुंबू शकते. तेव्हा बांधकाम परवाना देतानाच टाकीचे आकारमान आणि सिंकखालचे यंत्र यांची एकत्रित नोंद घेतली जाते काय, हे नगरपालिकांनी तपासणे आवश्यक आहे. घर घेणाऱ्यांनीही ओट्याचा दगड पाहून झाल्यावर सांडपाण्याची वाहिनी नेमकी कुठे जाते, एवढा एक प्रश्न बिल्डरला विचारावयास हरकत नाही.