‘अपवाद’ हा शब्द ठरावात नको



मागच्या ग्रामसभेत जे झालं ते ज्यांनी ऐकलं त्यांना माहीत आहे. जे मजुरीला बाहेर गेले होते त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो.

आपला माळ, त्याच्या वरची देवराई आणि देवराईमागचं जंगल, यातली जमीन कोणालाही विकायची नाही, भाड्यानं द्यायची नाही, त्यावर बाहेरच्या कोणाचं बांधकाम होऊ द्यायचं नाही, असा ठराव आपण मांडला. निमित्त सगळ्यांना ठाऊक आहे. पावसाळ्याच्या आधी दोन गाड्या आल्या, माळावर फिरल्या, फोटो काढले. मग पंचायतीत कागद आला की माळाच्या कोपऱ्यावर ‘निसर्ग उद्यान’ करायचं आहे. जागा फक्त पाच एकर. भाडेपट्टा तीस वर्षांचा. गावातल्या पोरांना काम.

ठराव मांडला तेव्हा उघड विरोध कोणी केला नाही. सगळे हो हो बोलले. शेवटी एक सूचना आली की ठराव चांगलाच आहे, फक्त शेवटी एक ओळ घाला: ‘गावाच्या विकासासाठी आवश्यक असल्यास, अपवाद म्हणून, समितीच्या मान्यतेने जमीन देता येईल.’ सूचना करणारे आपलेच आहेत, शत्रू नाहीत. पण हा लेख त्या एका ओळीच्या विरोधात आहे. ती ओळ गेली नाही तर ठराव करून उपयोग नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आरेत काय झालं ते ऐका

मुंबईत गोरेगावला आरे आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांचे सोयरे तिथल्या पाड्यांवर आहेत. २७ पाडे आहेत, वारली, कोकणा, मल्हार कोळी. ही माणसं तिथे आधीपासून आहेत. १९४९ साली सरकारनं मुंबईतले म्हशींचे तबेले शहराबाहेर हलवण्यासाठी तिथे दूध वसाहत केली. जमीन सुमारे १२८७ हेक्टर. म्हणजे तीन हजार एकराच्या वर. कशासाठी? जनावरांसाठी, चाऱ्यासाठी, दुधासाठी. लोकांच्या भल्याची जमीन, सार्वजनिक जमीन.

मग त्यातून तुकडे निघायला लागले. १९७७ साली चित्रनगरी आली, सिनेमे काढायला. राखीव पोलिसांची छावणी आली. पुढे फोर्स वनचं केंद्र आलं. प्रत्येक वेळी कारण चांगलंच होतं. पोलीस नकोत असं कोण म्हणेल? आणि प्रत्येक वेळी बोलणं एकच, की एवढी मोठी जमीन आहे, त्यातली थोडीशी तर घेतोय.

मग मेट्रो आली. गाड्या उभ्या करायच्या कारशेडसाठी ३३ हेक्टर. मेट्रोच्या कामासाठी प्रजापूर पाड्यावरच्या आदिवासी कुटुंबांना हलवून इमारतीतल्या खोल्यांत नेलं. ज्यांच्या दारात भाजीपाला पिकायचा, त्यांना आता नळाच्या पाण्याची वेळ बघावी लागते. ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टानं झाडं वाचवण्याचे अर्ज फेटाळले आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. जमावबंदी लावली, आंदोलन करणाऱ्या पोरापोरींना अटक केली. ७ तारखेला सुप्रीम कोर्टानं थांबवलं, तोवर दोन हजारांवर झाडं आडवी झाली होती.

पुढचं जास्त लक्ष देऊन ऐका. २०२० मध्ये एका सरकारनं जाहीर केलं की कारशेड आरेत होणार नाही, कांजूरमार्गला जाईल. २०२१ मध्ये आरेतली ८१२ एकर जमीन वनखात्याकडे दिली, राखीव वन म्हणून. लोकांनी पेढे वाटले. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि कारशेड परत आरेत आलं. त्यानंतर सुप्रीम कोर्टानं ८४ झाडांपुरता अर्ज करायची मुभा दिली होती, तर मेट्रोवाल्यांनी १७७ झाडांची परवानगी आणली. एप्रिल २०२३ मध्ये कोर्ट त्यांच्यावर रागावलं, १० लाखांचा दंड केला, आणि १७७ झाडं तोडायला परवानगीही दिली.

हे मी मुंबईची बातमी म्हणून सांगत नाही. मुंबईत शिकलेली माणसं होती, वकील होते, टीव्हीवाले होते, हजारो लोक रस्त्यावर आले होते, तरी असं झालं. कारण जमीन न देण्याचा निर्णय पाड्यांच्या हातात कधी नव्हताच. तो वरच्यांच्या हातात होता आणि अपवाद करायचा अधिकारही त्यांच्याच हातात होता. आता आपण आपल्या हातानं आपल्याच ठरावात तसा अपवाद लिहायचा का?

‘पण गावाला गरज लागली तर?’

सूचना करणाऱ्यांचा मुद्दा असा की उद्या अंगणवाडी बांधायची झाली, पाण्याची टाकी बांधायची झाली, तर आपण आपलेच हात बांधून घेऊ. मुद्दा खोटा नाही. उत्तर द्यायला हवं.

देवराई आणि जंगल आपल्या सामूहिक वनहक्काच्या दाव्यात आहे. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये आधीच लिहिलंय की शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, तळं, पिण्याच्या पाण्याची लाईन, वीज, रस्ता, समाजमंदिर अशा १३ कामांसाठी वनजमीन घेता येते. अट अशी की प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. म्हणजे गावाच्या खऱ्या गरजेची वाट कायद्यात आहे. त्यासाठी आपल्या ठरावात भोक पाडायची गरज नाही.

राहिला माळ, म्हणजे गायरान. तिथे अंगणवाडी लागली तर त्या दिवशी ग्रामसभा बसेल, त्या एका कामाचा, तेवढ्या गुंठ्यांचा वेगळा ठराव करील. एक दिवस बसायला काय जातं? अपवादाची ओळ घातली तर मात्र ग्रामसभेला बसायचीच गरज उरत नाही. समितीचे सात जण पंचायतीच्या खोलीत बसून सही करू शकतात. आज समितीत चांगली माणसं आहेत. पाच वर्षांनी कोण असेल? आणि चांगल्या माणसालाही रात्री घरी येऊन कोणी दम दिला तर? सात जणांना गाठणं सोपं असतं. अख्ख्या गावाला गाठणं सोपं नसतं.

काही जण म्हणतील, गायरान सातबाऱ्यावर सरकारच्या नावावर आहे, कलेक्टरच्या हातात आहे, आपल्या ठरावाला विचारतो कोण? खरं आहे, नुसत्या ठरावानं सगळं थांबत नाही. पण आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. पेसा कायदा १९९६ चा आहे, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे आहेत. जमीन घेण्याआधी ग्रामसभेला विचारावं लागतं. विचारायला येतील तेव्हा आपलं ‘नाही’ कागदावर स्वच्छ पाहिजे. ‘नाही, पण अपवाद म्हणून हो’ असं लिहिलेलं असेल तर साहेब फक्त शेवटचे शब्द वाचणार.

ओडिशात नियमगिरीच्या डोंगरात डोंगरिया कोंध लोक राहतात. तिथे बॉक्साईटची खाण काढायची होती. १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, आधी ग्रामसभांना विचारा. त्या वर्षी पावसाळ्यात १२ गावांत ग्रामसभा झाल्या. बाराच्या बारा गावांनी नाही म्हटलं. एकाही गावानं ‘थोडीशी जागा चालेल’ असं लिहून दिलं नाही. तिथे खाण झाली नाही.

‘पोरांना काम मिळेल’

हा मुद्दा आपल्या शिकलेल्या पोरांचा आहे आणि मी त्यांच्यावर चिडणार नाही. वीटभट्टीवर जाऊन पाठ मोडून घेतलेल्या माणसानं गावात काम मागितलं तर तो चुकत नाही.

पण काम कोणतं ते विचारा. मी तालुक्याच्या गावाजवळच्या अशा एका ठिकाणी दोन हंगाम राबलो आहे. नाव घेत नाही. गेटवर उभं राहणं, संडास धुणं, रात्रीच्या पार्टीनंतर बाटल्या गोळा करणं, आणि शनिवारी पाहुण्यांसमोर आपल्या बायांनी तारपा नाच करून दाखवणं. तारप्यावर आपण नाचतो ते आपल्या सणाला, आपल्या आनंदाला. तिथे जेवणाच्या ताटाबरोबर नाच वाढायचे. हंगाम संपला की काम संपलं. आणि ज्या ओढ्यावर आम्ही आधी चिंबोऱ्या पकडायचो तिथे जायला पास लागायचा. जमीन आमच्याच गावकीची होती.

आता हिशोब मांडू. माळावर आज काय आहे? चरायला गुरं आहेत. घरं शाकारायला गवत आहे. राबासाठी पाला येतो. पहिल्या पावसात शेवळं निघतात, ती विकून बाया मीठमिरची आणतात. मोहाची झाडं आहेत. हे कोणाच्या पगारपत्रकात येत नाही म्हणून त्याला कोणी काम म्हणत नाही. माळ गेल्यावर हेच सगळं विकत घ्यावं लागेल, तेव्हा कळेल किती रुपयांचं होतं.

आणि जंगलातून पैसा येत नाही असंही नाही. गडचिरोलीत मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव आहे. त्यांना २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. वनखातं बांबूच्या वाहतुकीचे पास देत नव्हतं. गाव भांडलं. २०११ च्या एप्रिलमध्ये दिल्लीचे मंत्री गावात आले आणि पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात देण्यात आलं. आता गाव आपला बांबू आपण विकतं. त्यांनी जंगल विकलं नाही, बांबू विकला. बांबू परत येतो. आपल्या पोरांना काम द्यायचं तर ही वाट आहे. मोहफूल, हिरडा, गवत, बांबू यांचा हिशोब ग्रामसभेनं हातात घ्यावा, रोजगार हमीतून माळावर बंधारे आणि झाडांची कामं मागावीत. यासाठी भाडेपट्टा लागत नाही.

आपल्या घरातलंही बोलू

फक्त बाहेरच्यांना शिव्या देऊन चालणार नाही. आपल्यातलेही दोघेतिघे माळाच्या कडेला खुंट्या रोवून बसलेत. एकानं तर शंभर रुपयांच्या स्टँपवर बाहेरच्याला ‘वापरायला’ लिहून दिलंय, असं ऐकतो. आदिवासीची खातेजमीन बिगर आदिवासीला द्यायला जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे वरची परवानगी लागते. वनहक्काची जमीन तर वारसाला मिळते पण विकता येतच नाही. मग गावकीचा माळ स्टँपवर लिहून देणारा कोण? ठराव त्यालाही लागू. पुढाऱ्याच्या भावाला वेगळा आणि बाहेरच्याला वेगळा न्याय लावला तर उद्या आपल्या ‘नाही’ला किंमत राहणार नाही.

आणखी एक गोष्ट साफ करतो. काही चांगले शहरी लोक म्हणतात, जमीन राखायची तर कुंपण घाला, कोणालाच आत जाऊ देऊ नका. आम्हाला ते नको. आम्ही विकण्यावर बंदी मागतो, वापरण्यावर नाही. गुरं चरतील, बाया पाला आणतील, वाघदेवाची पूजा होईल. त्या वापरानंच तो माळ आजवर राहिला आहे.

येत्या ग्रामसभेत काय करायचं

१. सगळ्यांनी यायचं. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात. बाया आल्या नाहीत तर सभा मोडायला निमित्त मिळेल. आयांनो, स्वयंपाक एक दिवस बाप्यांना करू द्या.

२. कोऱ्या पानावर सही किंवा अंगठा द्यायचा नाही. आधी ठराव वहीत लिहायचा, मोठ्यानं दोनदा वाचायचा, मग सही. हजेरीच्या सह्यांवर नंतर दुसराच ठराव लिहिल्याचे प्रकार झालेत.

३. ठराव एवढाच ठेवायचा: ‘गावाचा माळ, देवराई व सामूहिक वनहक्कातील जंगल यांतील कोणतीही जमीन विकली जाणार नाही, भाडेपट्ट्याने किंवा कराराने दिली जाणार नाही, व त्यावर बाहेरच्या व्यक्ती वा कंपनीचे बांधकाम होणार नाही. गावाच्या स्वतःच्या सार्वजनिक कामासाठी जागा लागल्यास त्या प्रत्येक कामासाठी पूर्ण ग्रामसभा स्वतंत्र ठराव करील. हा अधिकार कोणत्याही समितीला दिलेला नाही.’

४. नकला तहसीलदार, प्रांत, कलेक्टर आणि वनखात्याला द्यायच्या. प्रत्येक नकलेवर शिक्क्यानिशी पोच घ्यायची. पोच संघटनेच्या फायलीत आणि एक नक्कल पाड्यावर.

ज्यांनी अपवादाची सूचना केली त्यांना माझी विनंती आहे. सभेत उठून सांगा, गेल्या पन्नास वर्षांत आदिवासीच्या भल्यासाठी केलेला कोणता अपवाद आदिवासीच्या भल्याचा निघाला? एक तरी दाखवा, मी माझं म्हणणं मागे घेतो. नाही दाखवता आला तर ती ओळ तुम्हीच तुमच्या हातानं खोडा.

हा लेख ज्यांना वाचता येतो त्यांनी पाड्यावर वाचून दाखवावा. कोणाला पटला नाही तर सभेत बोलावं, मागून कुजबुजू नये.

जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची!
ग्रामसभा जिंदाबाद!

— पाड्यावरचा एक कार्यकर्ता