एक एकर भाकरीसाठी

शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात लोकसंख्येचा धडा घेतला. २०२२ च्या नोव्हेंबरात जग ८०० कोटींवर गेलं, असं मी सांगितलं, तर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, मग आपल्या शेतातलं कोण खातं?" मला चटकन उत्तर सुचेना. आमच्या हिंगोलीकडे खरिपात जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन. ते जातं तेलाच्या गिरणीला, पेंड कोंबड्यांना. आणि भाकरीची ज्वारी आम्ही शेतकरी बाजारातून आणतो!

घरी येऊन हिशेब मांडला. आम्ही सहा माणसं. रोज दीड किलो पीठ, म्हणजे वर्षाला साडेपाच क्विंटल ज्वारी. चांगल्या काळ्या रानात एका एकरात पुष्कळशी निघते. ह्यांना म्हटलं, यंदा एक एकर मला द्या. आधी मूग घेऊ, तो दोन-सव्वादोन महिन्यांत निघतो. मग त्याच ओलीवर रब्बीची 'परभणी मोती'.

ह्यांच्या कपाळाला आठी! "सोयाबीनवर हरभरा घेतला की हातात पैसा येतो. पोरीची फी काय ज्वारी भरणार?" खोटं नव्हतं ते. शिवाय आपल्या एकट्याचीच ज्वारी असली, की सगळ्या शिवारातली पाखरं तिच्यावरच उतरतात. काढणीला बाया मिळत नाहीत ते वेगळंच.

मामंजी इतका वेळ सुपारी कातरत होते. एवढंच म्हणाले, "आणि कडबा?"

कडबा नाही म्हणून तर गेल्या वर्षी बैलजोडी विकली. सोयाबीनच्या भुसकटाला गुरं कडब्यासारखं तोंड लावत नाहीत. बैल गेले, त्यांच्यामागे शेणखत गेलं. आता नुसत्या गोणीतल्या खतावर चाललंय आणि रान दरवर्षी जास्तच ढेकळं धरतंय, हे ह्यांनाही दिसतं.

शेवटी ठरलं. चार एकर सोयाबीन फीसाठी, एक एकर माझं. कडबा झाला तर गाय घ्यायची आणि तिचं शेण आधी त्याच एकरात टाकायचं. बांधाला बांध लागून चुलत जाऊबाईही एक एकर ज्वारी पेरणार आहेत, म्हणजे पाखरं निम्मी निम्मी! काढणीला दोघींची सावड. सासूबाईंनी माळ्यावरून गोफण काढून दिली आहे. ती फिरवायला मात्र मला अजून शिकायचंय.