आम्स्टरडॅमची नागरी अक्षरे

मागच्या बाकावरचे विद्यार्थी सहसा प्रश्न विचारीत नाहीत, ही आमच्या पेशातली एक मोठी सोय आहे. यंदा ती मोडली. देवनागरी मुद्रणाचा इतिहास सांगताना मी नेहमीप्रमाणे बंगालमधल्या श्रीरामपूरपासून, म्हणजे १८०५ साली विल्यम कॅरेने छापलेल्या मराठी व्याकरणापासून, आरंभ केला. तोच एक मुलगी उठून म्हणाली, "सर, त्याआधी नागरी अक्षरं कुठंच छापली नव्हती का?"

"नाही," मी ठणकावून सांगितले. वर्षानुवर्षे एकच टिपण वाचले की माणसाचा आवाज असा खणखणीत होतो.

घरी आल्यावर मात्र मनात पाल चुकचुकली. पुस्तके काढून बसलो, आणि रात्री दहाच्या सुमारास हॉलंडात जाऊन पोहोचलो!

आता नागरी लिपीचा आणि डच व्यापाऱ्यांचा संबंध काय, असे वाचक विचारतील. त्यासाठी थोडे मागे जायला हवे. १५८५ साली अँटवर्प स्पेनच्या हाती पडले आणि तिथले कितीतरी मुद्रक, व्यापारी, कारागीर उत्तरेकडे निघून गेले. लुई एल्झेविर हा लूव्हेनचा पुस्तकबांधणारा त्याआधीच, १५८० मध्ये, लायडनला आला होता. तिथले विद्यापीठ तेव्हा अवघे पाच वर्षांचे होते. पुढे लुईला त्याच विद्यापीठात चोपदाराची नोकरी लागली, आणि आवारातच त्याने पुस्तकांचे दुकान थाटले. (आमच्या महाविद्यालयाच्या शिपायाने असे काही केले असते, तर प्राध्यापकांची उधारी किती झाली असती कोण जाणे.) त्याच्या मुलानातवंडांनी खिशात मावतील अशी छोटी, स्वस्त आणि नेटकी पुस्तके काढली, आणि एल्झेविर हे नाव युरोपभर झाले. तेव्हा पुस्तक बहुधा सुट्या छापील कागदांच्या रूपात विकले जाई. बांधणी ज्याची त्याने करून घ्यायची. पुस्तकवाले आपसात पैशाऐवजी छापील कागदांचीच अदलाबदल करीत.

पण हॉलंडचे खरे भांडवल वेगळेच होते. तिथे एकछत्री राजा नव्हता. प्रांत सात, आणि प्रत्येक शहराला आपापला तोरा. एका गावात बंदी आली, तर शेजारच्या गावात छापखाना चालूच! गॅलिलिओला इटलीत १६३३ पासून नजरकैद होती आणि त्याचे काहीही छापायला मनाई होती. १६३६ मध्ये एल्झेविर घराण्यातलाच दुसरा एक लुई त्याला जाऊन भेटला, आणि १६३८ साली म्हाताऱ्याचा अखेरचा मोठा ग्रंथ लायडनला छापून निघाला. हे आपल्या नकळत घडले, असा आव गॅलिलिओने अर्पणपत्रिकेत आणला आहे. ग्रंथ हातात आला तेव्हा मात्र त्याची दृष्टी गेलेली होती.

एवढ्यावरून आम्स्टरडॅम म्हणजे विचारवंतांचे माहेरघर, असे लिहून मी मोकळा झालो असतो. पण मध्ये एक डॉक्टर आडवा आला. त्याचे नाव आद्रियान कूरबाख. कायदा, वैद्यक, धर्मशास्त्र यांत शिरलेले परके शब्द साध्या डच भाषेत उलगडून सांगणारा एक कोश त्याने १६६८ साली छापला, आणि तोही स्वतःच्या नावाने. धर्मावरची टीका त्यात ठासून भरलेली होती. त्याचे दुसरे पुस्तक उट्रेख्टला छापले जात असताना मुद्रकच घाबरला आणि त्याने कागद अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले. कूरबाखला दहा वर्षांची कैद झाली. पुढच्याच वर्षी, १६६९ मध्ये, तो आम्स्टरडॅमच्या तुरुंगात मेला.

१६७० साली स्पिनोझाचा तसाच स्फोटक ग्रंथ निघाला तो लॅटिनमध्ये. लेखकाचे नाव नाही, मुद्रणस्थळ म्हणून हॅम्बुर्ग असे धडधडीत खोटे. छापला होता आम्स्टरडॅमच्या यान रिउवेर्ट्सने. १६७३ मध्ये तर त्याच्या काही प्रती वैद्यकाच्या ग्रंथाचे मुखपृष्ठ लावून विकल्या गेल्या! बंदी आली ती १६७४ मध्ये. या ग्रंथाचे डच भाषांतर छापू देऊ नका, असे स्पिनोझाने स्वतःच एका मित्राला कळवले होते. लॅटिन वाचणारे मूठभर. स्वयंपाकघरातल्या भाषेत तेच लिहिले की तुरुंग. मराठी शिकवून पोट भरणाऱ्या मला त्या रात्री कूरबाख स्पिनोझाहून जवळचा वाटला, हे खरे.

असो. माझी नागरी अक्षरे सापडली ती याच शहरात. १६६७ साली आम्स्टरडॅमला आथानासिउस किर्शरचा चीनविषयीचा ग्रंथ छापला गेला. त्यात आग्र्याला राहिलेल्या हाइनरिख रोथ या पाद्र्याने पुरवलेली नागरी वर्णमाला ताम्रपटांवर कोरून छापली आहे. पुढे १६७८ ते १६९३ या काळात 'होर्तुस मलाबारिकुस' या मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथाचे बारा खंड निघाले. कोचीनचा डच अधिकारी व्हान रेडे याला त्या कामी इट्टी अच्युतन या वैद्याने आणि रंगभट, विनायक पंडित व आप्पूभट या तिघा कोकणी ब्राह्मणांनी मदत केली. त्या तिघांचे १६७५ सालचे कोकणी प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत आहे! आणि आमच्या इकडे? फादर स्टीफन्सचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राशोलला छापले, ते रोमन लिपीत.

आमच्या सौभाग्यवती मालवणच्या. त्या खंडातल्या पहिल्याच चित्राची नक्कल मी त्यांच्यापुढे धरली. "अहो, हा तर माड!" त्या म्हणाल्या, आणि चष्मा पुसून चित्रावरचे नागरी नाव लावू लागल्या. बराच वेळ दोघांनाही झोपेची आठवण झाली नाही.

दुसऱ्या दिवशी भर वर्गात मी चूक कबूल केली. साग्रसंगीत, फळ्यावर सनावळी लिहून. ती मुलगी त्या दिवशी नेमकी गैरहजर होती.