विशीआधीची निवृत्ती हा निसर्गनियम नव्हे

युलिया लिप्निट्स्कायाने 2014 च्या सोची ऑलिंपिकमध्ये रशियाला फिगर स्केटिंगचे सांघिक सुवर्णपदक मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला, तेव्हा ती 15 वर्षांची होती. 2017 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तिने खेळ सोडला. अन्न नकोसे होण्याच्या आजारावर आपल्याला उपचार घ्यावे लागले, हे तिने स्वतःच सांगितले. अलिना झागितोवा 2018 मध्ये पंधराव्या वर्षी ऑलिंपिक विजेती झाली, पुढच्याच वर्षी जगज्जेती झाली आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात, वयाच्या सतराव्या वर्षी, तिने स्पर्धा थांबवल्या. 2022 मध्ये बीजिंगला उतरलेली कमिला वालियेवाही 15 वर्षांचीच होती. तिघीही एतेरी तुत्बेरिद्झे यांच्या मॉस्कोतील गटात घडल्या. एकीचे वय वाढू लागले, की तिची जागा घ्यायला दुसरी तयार, असे त्या दशकात पुन्हा पुन्हा घडले. यावर एक ठरलेले उत्तर मिळते: हा खेळच कोवळ्या शरीराचा आहे, त्याला कोण काय करणार? हे उत्तर अर्धेच खरे आहे. शरीर निसर्ग घडवतो, पण कोणत्या शरीराला पदक द्यायचे, हे नियमपुस्तक ठरवते.

चार गिरक्यांच्या उडीत स्केटर पाऊण सेकंदही हवेत नसते. तेवढ्यात चार वेळा फिरायचे तर अंग बारीक आणि कंबर अरुंद असलेली बरी. वस्तुमान अक्षाच्या जितके जवळ, तितका फिरण्याचा वेग जास्त, हे साधे भौतिकशास्त्र आहे. वयात येण्यापूर्वी मुलीला हा फायदा आपोआप मिळतो आणि वयात येताना तो कमी होतो. मात्र या फायद्याचे मोल किती, हे भौतिकशास्त्र सांगत नाही. 2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये पंचांच्या संगनमताचे प्रकरण गाजल्यावर सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत गेली आणि प्रत्येक उडीला ठरावीक मूळ गुण देणारी नवी पद्धत आली. आजच्या तक्त्यात तीन गिरक्यांच्या लुट्झ उडीला 5.9 गुण आहेत, तर चार गिरक्यांच्या लुट्झला 11.5. एका जादा गिरकीला जवळपास दुप्पट भाव मिळत असेल, तर प्रशिक्षक ती गिरकी सहज जमेल अशीच शरीरे शोधणार. नियम बदलला की खेळ किती पटकन वळतो, याचा पुरावाही याच खेळात आहे. कार्यक्रमाच्या उत्तरार्धातील उड्यांना दहा टक्के जादा गुण मिळत, म्हणून झागितोवाने 2018 मध्ये आपल्या साऱ्या उड्या उत्तरार्धात ठेवल्या. त्यानंतर आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने ही सवलत छोट्या कार्यक्रमात शेवटच्या एका आणि मोठ्या कार्यक्रमात शेवटच्या तीन उड्यांपुरती मर्यादित केली. तशी रचना पुन्हा कुणी केली नाही, कारण ती करण्यात फायदाच उरला नाही.

वालियेवाच्या प्रकरणानंतर संघटनेने आणखी एक निर्णय घेतला. डिसेंबर 2021 मध्ये घेतलेल्या तिच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडीन हे हृदयविकारावरचे, खेळात बंदी असलेले औषध सापडले. निकाल मात्र ऑलिंपिक सुरू असताना बाहेर आला. क्रीडा लवादाने तिला वैयक्तिक स्पर्धेत उतरू दिले. जगाच्या नजरा अंगावर घेत ती पडत-धडपडत चौथी आली. जानेवारी 2024 मध्ये तिच्यावर चार वर्षांची बंदी आली आणि तिचे निकाल रद्द झाले. त्याआधी, जून 2022 मध्ये फुकेत येथील अधिवेशनात, वरिष्ठ स्पर्धांसाठीचे किमान वय टप्प्याटप्प्याने 15 वरून 17 करण्याचा ठराव 100 विरुद्ध 16 मतांनी मंजूर झाला होता. हा निर्णय योग्य होता.

त्यावर पहिला आक्षेप असा, की यामुळे गुणी मुलींची सुवर्णसंधी हुकते. या आक्षेपाला उत्तर म्हणून माओ असादाची कारकीर्द पाहावी. 2005 च्या डिसेंबरात ग्रां प्री अंतिम स्पर्धा जिंकणाऱ्या या जपानी मुलीला 2006 चे तुरीन ऑलिंपिक खेळता आले नाही, कारण वयाच्या अटीत ती 87 दिवसांनी कमी पडत होती. तेव्हा हळहळ झालीच. पण पुढे ती 2008, 2010 आणि 2014 अशी तीन वेळा जगज्जेती झाली, ऑलिंपिक रौप्य मिळवले आणि 2017 पर्यंत खेळली. एक ऑलिंपिक हुकल्याने तिची कारकीर्द संपली नाही. ज्यांना पंधराव्या वर्षी सारे मिळाले, त्या वरच्या मुलींपैकी कुणाचीही कारकीर्द इतकी लांबली नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वरिष्ठ गटाचे वय वाढवले तरी कनिष्ठ गट तेराव्या वर्षीच सुरू होतो, मग छळ थांबणार कसा, तो फक्त आधी उरकणार. हे खरे आहे. जिम्नॅस्टिक्समध्ये 1976 साली नादिया कोमानेची चौदाव्या वर्षी ऑलिंपिक विजेती झाली. 1997 पासून तिथे महिलांसाठी किमान वय 16 आहे. त्यानंतर सिमोन बाइल्सने 2024 मध्ये सत्ताविसाव्या वर्षी ऑलिंपिक सुवर्ण जिंकले, आपल्या दीपा कर्माकरने तिसाव्या वर्षी आशियाई सुवर्ण आणले. पण वयाची अट असतानाच अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाच्या डॉक्टरने शेकडो मुलींचे लैंगिक शोषण केले, हेही विसरता येत नाही. म्हणजे वयोमर्यादा आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. मुलीच्या आहाराचा, औषधांचा आणि दुखापतींचा हिशेब तिच्याभोवतीच्या मोठ्या माणसांकडून घेतला गेला नाही, तर वयाची अट नुसती कागदावर राहील.

तिसरा आक्षेप खेळाच्या दर्जाचा. चार गिरक्यांच्या उड्यांनी महिला स्केटिंग पुढे नेले, ते आता मागे जाईल, असे म्हणतात. युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियन स्केटर बाद झाल्या, म्हणूनच इतरांना पदके मिळाली, असाही टोमणा असतो. रशियन मुली असत्या तर निकाल वेगळे लागले असते, हे मोकळेपणाने मान्य करावे. पण प्रश्न कोण जिंकले असते हा नाही. जिंकायचे कशासाठी, हा आहे. हा खेळ उड्यांइतकाच पायांच्या कामाचा, वेगाचा आणि संगीताच्या समजेचा आहे आणि या गोष्टी वयाबरोबर पिकतात. इटलीच्या कारोलिना कोस्तनरने सोचीत सत्ताविसाव्या वर्षी ऑलिंपिक कांस्य मिळवले. चार गिरक्यांची उडी किंवा ट्रिपल ॲक्सल न मारता जपानच्या काओरी साकामोतोने 2022 ते 2024 अशी सलग तीन जगज्जेतेपदे मिळवली. महिलांमध्ये पेगी फ्लेमिंगनंतर, म्हणजे 1968 नंतर, असे कुणाला जमले नव्हते. सर्वांत बोलका दाखला अमेरिकेच्या अलिसा लियूचा. तेराव्या वर्षी राष्ट्रीय विजेती झालेल्या आणि चौदाव्या वर्षी स्पर्धेत चार गिरक्यांची लुट्झ साधलेल्या या मुलीने सोळाव्या वर्षी निवृत्ती जाहीर केली. दोन वर्षांनी ती स्वतःच्या इच्छेने परतली आणि मार्च 2025 मध्ये बोस्टनला जगज्जेती झाली, तीही चार गिरक्यांची उडी न मारता. चौदाव्या वर्षीच्या उडीपेक्षा एकोणिसाव्या वर्षीची ही बाई मोठी स्केटर आहे, असा त्या निकालाचा अर्थ आहे.

म्हणून संघटनेने सतराव्या वर्षाच्या अटीवर समाधान मानू नये. एका गिरकीला मिळणारा अवाजवी भाव कमी करावा आणि पायांचे काम व सादरीकरण यांचे वजन वाढवावे. कनिष्ठ गटातही चार गिरक्यांच्या उडीचे आमिष ठेवू नये. अल्पवयीन खेळाडूच्या शरीरात बंदी असलेले औषध सापडले, तर तिच्या प्रशिक्षकाची आणि डॉक्टरची चौकशी आपोआप सुरू व्हावी आणि दोष आढळल्यास बंदी त्यांच्यावरही यावी. नियमांनीच ही घाई शिकवली आहे, तेव्हा ती थांबवण्याची जबाबदारीही नियम करणाऱ्यांचीच आहे.