इंजिनाला उतार, गुडघ्याला जिना

या आठवड्यात पुन्हा तोच सूर ऐकू आला: एवढे पादचारी पूल बांधून दिले, तरी लोक खालूनच रस्ता ओलांडतात, शिस्त म्हणून नाही. ज्येष्ठांनी निदान जिवाच्या काळजीने तरी पूल वापरावा, हा प्रेमळ सल्लाही सोबत होताच. पेव्हर ब्लॉकवरचा माझा राग वाचकांना पाठ झाला असेल (ते दरवर्षी का उखडतात, याचे उत्तर ठेकेदाराच्या वहीत आहे असा माझा पुराव्याविना पक्का समज आहे), पण ते निदान जमिनीवर तरी असतात.

उड्डाणपूल आणि पादचारी पूल शेजारी ठेवून पाहा. दोन्हींच्या खाली वाहनांसाठी साधारण साडेपाच मीटर मोकळी उंची सोडावी लागते. तेवढे चढायला शंभर अश्वशक्तीच्या मोटारीला 30 मीटरला एक मीटर असा सौम्य चढ मिळतो. त्यासाठी दोन्हीकडे दीड-दोनशे मीटरची उतरण बांधतात आणि जागा नाही असे कुणी म्हणत नाही. तीच उंची सत्तरीतल्या माणसाने जिन्याने चढायची. पायरी 15 सेंटीमीटरची धरली आणि पुलाची जाडी मिळवली, तर 40 पायऱ्या होतात. चढताना नुसता दम लागतो, गुडघ्याची खरी परीक्षा उतरताना. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हाताने निऱ्या सावरलेल्या. कठडा धरायला तिसरा हात आणायचा कुठून? दर पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरणाऱ्या आजींना बेशिस्त म्हणायचे असेल, तर आधी त्या मोटारीला 40 पायऱ्या चढायला लावा.

लिफ्ट बसवू, हे उत्तर तयारच असते. बसते, फीत कापली जाते, मग बिघडते, आणि पुलाचा पुन्हा जिना होतो. मुंबईत 2008 साली वांद्र्याला पहिला स्कायवॉक झाला आणि पाठोपाठ बरेच उभे राहिले, पण खालची गर्दी काही वर गेली नाही. रेल्वेमार्गावर किंवा द्रुतगती मार्गावर पुलाला पर्याय नाही, हे मान्य. पण भर वस्तीतल्या रस्त्यावर पुलाची बाजू घेताना म्हणतात, माणसांसाठी सिग्नल थांबवला तर वाहतूक तुंबेल. किती तुंबेल? सिग्नलच्या गणितात माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असे धरायची रीत आहे, म्हणजे 20 मीटरच्या रस्त्याला 17 सेकंद. म्हातारा माणूस 0.8 मीटरने चालला तर 25. भांडण आठ सेकंदांचे आहे. सिंगापूरने 2009 पासून हे आठ सेकंद देऊन टाकले: ज्येष्ठाने आपले कार्ड सिग्नलच्या खांबावर टेकवले की हिरवा दिवा लांबतो, चौकाच्या रुंदीप्रमाणे 3 ते 13 सेकंद.

आपल्याकडे सिग्नल कुठे हवा याची पाहणीही करावी लागणार नाही. ओस पडलेल्या पुलाच्या खाली दुभाजकाच्या जाळीतला एखादा गज वाकवून लोकांनी वाट केलेली असते. ती दर काही महिन्यांनी वेल्डिंग करून बुजवतात. झेब्रा पट्टे तिथेच मारायचे होते.