परत मागायचे पैसे

परवा आमच्या भिशीत चक्क वाद झाला. दिवाळीनिमित्त वर्गणी काढून बारा हजार रुपये जमले होते. नाल्यापलीकडच्या वस्तीत दोन शिलाई मशिनं देऊन टाकू, असा बहुतेकींचा सूर. मी नको म्हटलं. सगळ्या बघतच राहिल्या. समाजकार्य करणारी बाईच नको म्हणतेय!

त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी आम्ही अशीच मशिनं हौसेनं वाटली होती. हारतुरे, फोटो, सगळं झालं. वर्षानं गेले तर एकीकडे मशिनवर टीव्ही विराजमान, दुसरीनं ते विकून टाकलेलं. मला रागच आला. मग कळलं, वस्तीत चौघीजणी आधीच ब्लाऊज शिवत होत्या आणि गिऱ्हाईक तेवढंच. हिला हवी होती भाजीची हातगाडी. आम्ही तिला विचारलंच नव्हतं. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला तीही नाही म्हणाली नाही.

अशा वेळी मला म्हसवडची आठवण होते. सातारा जिल्ह्यातला माण तालुका दुष्काळाचा. तिथं रस्त्यावर लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी डोक्यावर प्लास्टिकचा कागद घालायचा होता. त्यासाठी तिला रोज थोडे पैसे साठवायचे होते. एवढीशी बचत घ्यायला बँक तयार होईना. म्हणून चेतना गाला सिन्हा यांनी बायकांचीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं आधी परवाना नाकारला, कारण अर्जावर अंगठे होते. बायका जिद्दीनं लिहायला शिकल्या आणि थेट अधिकाऱ्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आम्ही शाळेत गेलो नाही, पण व्याजाचा हिशेब तोंडी करतो. तुमच्या साहेबांना यंत्राशिवाय जमतो का बघा! १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

या बायकांनी देणगी मागितली नव्हती. त्यांना हवी होती पैसे ठेवायला जागा, आणि परत करायच्या बोलीवर कर्ज. आपण मात्र गरीब वस्तीला जुने कपडे देतो आणि आपली एफडी मोठ्या बँकेत ठेवतो. त्या पैशातून कर्ज कोणाला मिळतं, हे आपण कधी विचारतो का?

आमचे 'हे' म्हणतात, सहकारी बँका बुडतात, त्याचं काय? बुडतात, खरंय. म्हणून सगळी पुंजी एकाच ठिकाणी घालू नये, ताळेबंद मागून बघावा. २०२० पासून एका बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, तेवढ्यातच राहावं. वस्तीतल्या बचत गटाला उसने दिलेल्या पैशाला मात्र असा विमा नाही. तिथं माणसं ओळखीची हवीत आणि जाऊन बसायची तयारी हवी.

शेवटी भिशीनं माझं ऐकलं, थोडं कुरकुरत. बारा हजार वस्तीतल्या गटाला बिनव्याजी दिले, वर्षभरात फेडायच्या बोलीवर. कोणाला द्यायचे ते त्यांनीच ठरवलं. एक हातगाडी आली, एकीनं पापडाचं सामान भरलं. पहिला हप्ता वेळेवर आला, तेव्हा आमच्यातल्याच दोघी नोटा घ्यायला संकोचल्या. ''राहू दे गं,'' म्हणाल्या. गटाची अध्यक्ष ताडकन म्हणाली, ''का राहू दे, बाई? मोजून घ्या.''

दुसरा हप्ता अजून आलेला नाही. हातगाडीवालीचं पोर आजारी आहे. उद्या मी जाणार आहे, आधी पोराला बघायला, मग हप्त्याचं विचारायला.