परवडत नाही, की करायचे नाही?

संपादक महोदय,

‘पर्यावरणपूरक कार्यालय ही महानगरांची चैन, गावच्या धंद्याला ती परवडत नाही,’ हे आपल्या अंकातील लेखाचे म्हणणे मान्य नाही.

एक, चैन कसली? आमच्याच जिल्ह्यात सेवाग्रामला 1936 मध्ये माती-बांबूची कुटी उभी राहिली. आलेल्या पत्रांच्या कोऱ्या बाजूवर लिहून गांधीजींनी तिथून स्वातंत्र्यलढ्याची सूत्रे हलवली.

दोन, प्लॅस्टिकबंदी 2022 मध्ये अचानक आली नाही. 2022 ची बंदी केंद्राची; राज्याची तर मार्च 2018 पासून आहे. तयारीला वेळ मिळाला नाही, ही सबब टिकत नाही.

तीन, बंदी धंद्याच्या मुळावर येते म्हणे! आमच्या जिनिंगमध्ये उलटे आहे. पोत्याचा प्लॅस्टिक धागा कापसात शिरला, की रेचणीत त्याचे तुकडे रुईभर पसरतात. ते रंग धरत नाहीत. कापडावर ठिपके उमटतात.

खर्चाचे म्हणाल, तर पाठकोऱ्या कागदांच्या वह्या आणि बाटल्यांऐवजी माठ, यांनी आमचा खर्च घटलाच. लेखकाने आधी आपल्या टेबलाखालची कचराटोपली उपडी करून पाहावी.

– जिनिंगमधील एक दिवाणजी, वडनेर (ता. हिंगणघाट, जि. वर्धा)